पहिला ठिपका मुंगीचा

ओट्याच्या कडेला, खिडकीखाली, एक मुंगी राहायची. तिचं नाव ठमू. ठमू एवढीशी. तिचं पोट त्याहून एवढंसं.

त्याच घरात शर्वा राहायची. आज शर्वाचा वाढदिवस होता. आईने केक केला होता. केकवर बसवायला चॉकलेटची फुलपाखरं हवी होती.

आईने चॉकलेट वितळवलं. मेंदीच्या कोनासारखा कोन केला. त्यात चॉकलेट भरलं. टोक कापलं. कच्.

आता कोनाचं असं असतं. पहिला थेंब नीट येत नाही. फस्सकन येतो. त्याचं फुलपाखरू होत नाही. म्हणून आई तो ठिपका खिडकीत ठेवायची आणि म्हणायची, "पहिला ठिपका मुंगीचा." दर केकला असंच.

पण आज आई घाईत होती. तिने पहिला ठिपका कागदावरच पाडला. फस्स. शेजारी फुलपाखरं काढली. सुर्र, सुर्र. पंख काढले. मिशा काढल्या. कागद उचलला आणि फ्रीजमध्ये ठेवला. ठिपक्यासकट.

ठमू खिडकीत वाट बघत बसली. ठिपका आलाच नाही.

मग ठमू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. फ्रीजचं दार जरासं उघडं होतं. ठमू फटीतून आत गेली. कागदावर तिचा ठिपका होता. तिने ओढला. निघेना.

"कागदा, कागदा, ठिपका सोड.
माझा ठिपका मला मिळत नाही."

कागद म्हणाला, "माझी काही ना नाही. पण चॉकलेट अजून मऊ आहे. फ्रीजने गार केलं, की मी सोडेन."

ठमू गेली फ्रीजच्या दिव्याखाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फ्रीजदादा, फ्रीजदादा, चॉकलेट गार करा.
कागद ठिपका सोडत नाही,
माझा ठिपका मला मिळत नाही."

फ्रीज म्हणाला, "घुर्र. गार करणं हे तर माझं कामच. पण दार लागत नाही, मी काय करू? कलिंगड हललं, की मी गार करीन."

खालच्या फळीवर कलिंगड होतं. जरासं फळीबाहेर, दाराला अडलेलं. ठमू गेली कलिंगडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कलिंगडा, कलिंगडा, जरा हल.
फ्रीज चॉकलेट गारवत नाही,
कागद ठिपका सोडत नाही,
माझा ठिपका मला मिळत नाही."

कलिंगड म्हणालं, "मला पाय आहेत का? आजोबांनी कापलं, की मी हलेन."

या घरात कलिंगड आजोबाच कापायचे. दुसऱ्या कुणी कापलं तर म्हणायचे, फोडी वाकड्या झाल्या. आजोबा खुर्चीत बसले होते. ठमू खुर्चीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, कलिंगड कापा.
कलिंगड जागचं हलत नाही,
फ्रीज चॉकलेट गारवत नाही,
कागद ठिपका सोडत नाही,
माझा ठिपका मला मिळत नाही."

आजोबा म्हणाले, "कापतो की. मी नाही म्हटलंय का? पण चहाशिवाय माझा हात चालत नाही. चहा उकळला, की मी कापीन."

चहाचं पातेलं गॅसवर बसलं होतं. रिकामंच. पण ऐटीत. ठमू गेली पातेल्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पातेल्या, पातेल्या, चहा उकळ.
आजोबा कलिंगड कापत नाहीत,
कलिंगड जागचं हलत नाही,
फ्रीज चॉकलेट गारवत नाही,
कागद ठिपका सोडत नाही,
माझा ठिपका मला मिळत नाही."

पातेलं म्हणालं, "मी तर सकाळपासून तयार आहे. शर्वाच्या आईने चहा टाकला, की मी उकळीन."

ठमू गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शर्वाच्या आई, शर्वाच्या आई, चहा टाका.
पातेलं चहा उकळत नाही,
आजोबा कलिंगड कापत नाहीत,
कलिंगड जागचं हलत नाही,
फ्रीज चॉकलेट गारवत नाही,
कागद ठिपका सोडत नाही,
माझा ठिपका मला मिळत नाही."

आई म्हणाली, "टाकते गं बाई. पण आधी केक सजू दे. कागदाने फुलपाखरं सोडली, की मी टाकीन."

ठमू मटकन खाली बसली.

कागद थांबला होता फ्रीजसाठी. फ्रीज थांबला होता कलिंगडासाठी. कलिंगड आजोबांसाठी. आजोबा चहासाठी. पातेलं आईसाठी. आणि आई? आई कागदासाठी.

सगळे कामात होते. काम कुणीच करत नव्हतं.

ठमूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. ओट्यावर साखरेचा डबा होता. त्याचं झाकण थोडं तिरकं होतं. ठमू गेली डब्यापाशी. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि शिरली आत.

ओट्यावरची मुंगी आईला चालायची. डब्यातली मुळीच चालायची नाही.

"अगं बाई, साखरेला मुंगी लागली," आई म्हणाली. तिने डबा उचलला. झाकण काढलं. ठमूला हळूच फुंकर मारली. फू. ठमू पडली खिडकीत.

आईच्या एका हातात डबा. दुसऱ्या हातात चमचा. आई म्हणाली, "आता साखर काढलीच आहे, तर चहा टाकून घेते."

मग काय.

आईने चहा टाकला. टुप्.
पातेल्याने चहा उकळला. खदखद, खदखद.
आजोबांनी चहा प्यायला. फुर्र, फुर्र. दोन वेळा आऽहा म्हणाले. मग उठले आणि कलिंगड कापलं. खच्, खच्. फोडी जरा वाकड्याच झाल्या. कुणी काही बोललं नाही.
कलिंगड फ्रीजमधून हललं ते थेट ताटात गेलं.
फ्रीजचं दार लागलं. धप्प.
फ्रीजने चॉकलेट गार केलं. घुर्र, घुर्र.
कागदाने फुलपाखरं सोडली. टिक्, टिक्, टिक्.

फुलपाखरं केकवर बसली. शर्वाने टाळ्या वाजवल्या. कागदावर एकच ठिपका उरला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो नखाने सोडवला. टिक्. खिडकीत नेऊन ठेवला. हळूच म्हणाली, "पहिला ठिपका मुंगीचा. आज विसरलेच होते बघ."

तेवढ्यात कागद म्हणाला, "मी सोडला म्हणून मिळाला."
फ्रीज म्हणाला, "मी गार केला म्हणून मिळाला."
कलिंगड म्हणालं, "मी हललं म्हणून मिळाला."
आजोबा म्हणाले, "मी कापलं म्हणून."
पातेलं म्हणालं, "मी उकळलं म्हणून."
आई म्हणाली, "मी चहा टाकला म्हणून."

ठमू काहीच म्हणाली नाही.
तिच्या तोंडात ठिपका होता.

ठिपका विरघळला, गोष्टही विरघळली.