न भरणारा डेरा

चैत्र सरत आला की येसोबा महाराज आंबेसर गावी येऊन राहत. गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात त्यांचा मुक्काम असे. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून ते साध्या साध्या गोष्टी सांगत. एकदा महाराज म्हणाले, "पोटात गेलं ते अन्न आपलं. उरलंसुरलं ते मातीचं. तिचं तिला आपल्या हातानं नेऊन द्यावं, लोकांच्या वाटेवर ढकलून देऊ नये."

ऐकणारे माना डोलावून घरी गेले. बाळांनो, ते मनावर घेतलं एकट्या यमुनेनं.

यमुना ही निकुंभांची धाकटी सून. तिनं मोरीजवळ एक लहानसा मातीचा डेरा ठेवला. भांडी घासायला घेण्याआधी ती प्रत्येक भांडं हातानं निपटून काढी. आंबलेलं पिठलं, भाताची उरलेली पेज, भेंडीचा तार सुटलेला चिकट रस, सगळं डेऱ्यात जाई. वर मूठभर राख टाकली की वास येत नसे. दुपारी ती तो डेरा परसातल्या खड्ड्यात रिकामा करी आणि वरून माती ओढी. मोरीत जाई ते नुसतं पाणी. कारण मोरीचं तोंड गल्लीत उघडत होतं, आणि तिथून उतारावरच सगळी गल्ली ज्याचं पाणी भरत असे तो आड होता.

थोरल्या जाऊ मंजुळाबाई हे पाहून हसत असत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना त्या म्हणत, "आमच्या यमुनेनं खरकट्याचं देवघर मांडलंय. आता आरती म्हणायची तेवढी राहिलीय." बायकाही हसत. यमुना पुढचं भांडं निपटायला घेई.

त्या वर्षी महाराजांनी निकुंभांकडे जेवायला यायचं कबूल केलं. यमुना कितीतरी वर्षं त्यांना विनवत होती. तिला रात्रभर आनंदानं झोप लागली नाही. पहाटेच उठून तिनं पुरण शिजत घातलं.

घरात तेव्हा कुरडयांची गडबड होती. भिजवलेले गहू वाटून पिळले की पांढरा चीक निघतो, तो उकळत्या पाण्यात शिजवून त्याच्या कुरडया घालतात, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. त्या सकाळी मंजुळाबाईंना दिसलं की एका पातेल्यातला चीक फार आंबून बुळबुळीत झाला आहे. यमुना म्हणाली, "जाऊबाई, डेऱ्यात ओता, मी नेते परसात." पण मंजुळाबाईंनी नाक मुरडलं आणि सगळं पातेलं मोरीत उपडं केलं.

चीक वाहून जाईना. तेव्हा त्यांनी चुलीवरचा उकळत्या पाण्याचा हंडाच वर ओतला. कुरडया घालण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण घाईत त्या विसरल्या की उकळतं पाणी पडलं की चीक शिजतो. मोरीच्या नळात तो शिजला, फुगला आणि घट्ट बसला. त्यांनी आणखी पाणी ओतलं. बघता बघता मोरी काठोकाठ भरली आणि तो पांढरा, आंबूस राडा उंबऱ्यावरून चुलीकडे सरकू लागला.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. असल्या घरात महाराजांना कसं जेवायला वाढायचं? येऊ नका म्हणून निरोप धाडावा, असं त्या म्हणू लागल्या. मंजुळाबाईंनी पहार उचलली. मोरीची गल्लीकडची भिंत फोडली की सगळं बाहेर जाईल, असा त्यांचा विचार होता. यमुना आडवी उभी राहिली.

"जाऊबाई, खाली आड आहे. पोरंबाळं ते पाणी पितात."

"मग महाराजांना उपाशी परत पाठव. तूच हौसेनं बोलावलंयस ना?"

यमुनेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आम्ही आलोच आहोत. आमचा पाट कुठं मांडलाय?" आणि कोणी काही सांगण्याआधी महाराजांनी स्वतःच पाट उचलला आणि मोरीपाशी मांडून ते बसले. त्यांनी बाह्या वर सारल्या.

"मंजुळाबाई, तांब्या घ्या आणि हे भरून भरून डेऱ्यात ओता."

"महाराज, केवढासा तो डेरा! पाचसहा तांब्यांत भरेल."

"भरला की सांगा."

मंजुळाबाई ओतू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी डेऱ्यात डोकावून पाहिलं, मग यमुनेकडे पाहिलं, आणि पुन्हा ओतू लागल्या. त्यांचे हात भरून आले, पदर घामानं भिजला. महाराज अधूनमधून शांतपणे विचारत, "भरला का?" आणि मंजुळाबाई खाली बघून म्हणत, "अजून नाही." काठोकाठ भरलेली मोरी तळाला गेली, तरी डेरा अर्ध्याच्या वर चढला नव्हता.

मग महाराजांनी नळात कोपरापर्यंत हात घातला आणि हरीचं नाव घेतलं. जो गोळा काठीनंही हलला नसता, तो लांबच लांब, अखंड बाहेर आला. महाराज हसले. "सोऱ्याशिवाय कुरडई पाडलीत की हो!" सासूबाईंनाही हसू आवरेना.

तो गोळाही डेऱ्यात गेला. महाराजांच्या सांगण्यावरून मंजुळाबाईंनीच डेरा उचलला. तो रिकाम्यासारखा हलका होता. परसातल्या खड्ड्यात त्यांनी तो उपडा केला, तर आतून चीक नाही, राडा नाही. भुसभुशीत काळी माती पडली. तिला कसलाही वास नव्हता.

मंजुळाबाई तशाच परत आल्या. महाराजांचे हात अजून बरबटलेलेच होते. जो राडा शिवायची मंजुळाबाईंना किळस वाटली होती, तो संतांच्या अंगावर होता. त्यांनी आधी यमुनेचे हात धरले आणि म्हणाल्या, "माझं चुकलं गं." मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या उठेचनात.

महाराजांनी त्यांच्या पाठीवर ठेवायला म्हणून हात उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि तसाच मागे घेतला. म्हणाले, "उठा माय. हात धुवायला पाणी द्या, आणि वाढा. पुरणाच्या वासानं भूक फार लागली आहे."

आणि त्या दिवशी निकुंभांच्या घरी महाराजांना मंजुळाबाईंनी आणि यमुनेनं मिळून वाढलं.