इंजिन गेलं!

"सही आज करताय ना, सर?"

कॅप्टन सबनीस चहा बशीत ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसली घाई आहे?"

"परवा परीक्षक येतायत. ते चुकले की दोन महिने थांबा. तोवर माझी नोकरीची जागा जाईल, सर."

हेमांगी जाचकचा एका इंजिनाच्या विमानाचा परवाना झाला होता. आता दोन इंजिनांचं विमान शिकत होती. सबनीसांनी वहीत सही केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. इंदापूरच्या चौकात चुलत्यांनी तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स मात्र आधीच लावला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पण पोरगी हुशार होती. अख्ख्या फ्लाइंग क्लबात तिच्याइतका चपळ हात कुणाचा नव्हता, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"हवेत एक इंजिन बंद पडलं," सर म्हणाले. "कोणतं, ते कसं ओळखतेस?"

"विमान बंद इंजिनाकडे वळायला लागतं. सरळ ठेवायला उलट बाजूचा पाय दाबायचा. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलं. मग खात्री करायची आणि त्याचा पंखा थांबवायचा. बाकीच्यांना दहा सेकंद लागतात, सर. मला तीन."

"तीन..."

सरांनी बशी रिकामी केली. "चल."

चार हजार फुटांवर सरांनी इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या दोन दांड्यांवर नकाशा आडवा धरला. त्यामागे ते कोणता दांडा ओढतात, हे तिला दिसू नये म्हणून.

"इंजिन गेलं!"

नाक डावीकडे वळलं. तिने उजवा पाय दाबला. डावा रिकामा.

"डावं, सर!" पंखा थांबवणाऱ्या डाव्या दांड्याला तिचा हात लागलाही. सरावात नुसता हात लावायचा, ओढायचा नाही.

थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा डावंच. या वेळी तिसरा सेकंदसुद्धा लागला नाही. हेमांगी स्वतःशीच हसली.

तिसऱ्यांदा नकाशा आडवा आला.

"इंजिन गेलं!"

उजवा पाय गच्च दाबला गेला. नाक हललं. "डावं!" आणि या वेळी तिने दांड्याला नुसता हात लावला नाही, ओढायलाच लागली.

सरांनी तिचं मनगट धरलं. मग दुसऱ्या हाताने नकाशा बाजूला केला.

थ्रॉटलचे दोन्ही दांडे होते तिथेच होते. दोन्ही इंजिनं मजेत चालू होती. नाक हललं होतं ते तिच्याच पायाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"तुम्हीच म्हणालात, सर... इंजिन गेलं म्हणून."

"मी म्हणालो. विमान म्हणालं का?"

...

तिचे कान तापले. तिने विमान उतरवलं. वही सरांच्या टेबलावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेआधीच विमानापाशी उभी होती. परीक्षेआधीचं हे शेवटचं उड्डाण. आज सही नाही, तर नाहीच.

तेच आभाळ, तेवढीच उंची. नकाशा आडवा आला.

"इंजिन गेलं!"

हेमांगीचे दोन्ही पाय पेडलवर होते. तिने कोणताच दाबला नाही. वाट पाहिली.

तीन सेकंद गेले. पाच गेले. नाक समोरच्या डोंगरावरून हललं नाही.

"नाही, सर."

"मी सांगतोय ना, गेलं! डावं बंद कर!"

"दोन्ही चालू आहेत, सर."

"चाळीस वर्षं उडवतोय मी! तू मला शिकवणार? बंद कर म्हणतो ना. नाहीतर सही विसर!"

आजवर कुठल्याही शिक्षकाला तिने उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि यांच्या एका सहीवर तर तिची नोकरी अडली होती. तिने पुन्हा पाहिलं. नाक डोंगरावरच होतं. पायांना काही ओढ लागत नव्हती.

"चालतं इंजिन मी बंद करणार नाही, सर. सही नका करू हवं तर."

सरांनी दांड्यांवरचा नकाशा काढला.

नकाशाची शांतपणे घडी झाली. ती खिशात गेली. सरांनी पेडलवरचे पाय काढले आणि सीट मागे सरकवली.

हेमांगीला स्वतःचा अभिमान वाटत होता. पहिल्यांदाच तो कुणाला सांगावासा वाटला नाही. खाली माळावरची धावपट्टी दिसायला लागली. सही मात्र अजून व्हायची होती, आणि शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"सर... सही?"

कॅप्टन सबनीसांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि हाताची घडी घातली.

"उतरलो की उठव मला."