शनिवारी छापलेला कागद

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असे मला घरात आत्याने बजावलेले आहे. कारण हिच्यातला मोठा माणूस एकदा चुकतो, आणि मोठ्यांच्या चुका सांगत फिरणे बरे दिसत नाही. पण चूक गाळली तर गोष्टच उरत नाही. म्हणून सांगते.

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रकाठच्या एका राज्यात एक यहुदी गृहस्थ राहत होता. शहराचे एकुलते एक वर्तमानपत्र तो काढी. गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने तो उलटी अक्षरे लिही, त्याचा कारागीर यंत्राचा दांडा ओढी, आणि दर शुक्रवारी सकाळी कागद घरोघरी जाई. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागे. तो त्याच्या लोकांचा विसाव्याचा पवित्र दिवस. शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत मग तो शाईला हात लावत नसे.

एकदा शनिवारीच राजाला मुलगा झाला. कारभारी धापा टाकत आला.

"आत्ताच्या आत्ता बातमी छापा!"

"उद्या छापतो, सरकार. राजपुत्र उद्याही राजपुत्रच असतील."

त्याबद्दल त्याला कोठडीत बसावे लागले. पण शिळा कोरडीच राहिली. लोक हसले. तरी ते त्यांच्या मनात राहिले.

पुढे एका शुक्रवारी, घरात शब्बाथचा दिवा लागत असतानाच, एक वैद्य दारात येऊन उभा राहिला. त्याचे पाय चिखलाने भरले होते.

"वरच्या वाडीत पटकीने माणसं पटापट मरतायत," तो म्हणाला. "तळ्याचं पाणी नासलंय. रविवारी तळ्यावर जत्रा आहे, म्हणून कारभारी तोंड उघडू देत नाहीत. तुम्ही छापा."

वैद्य गेला. गृहस्थाने घरातले तळ्याचे पाणी ओतून टाकले आणि परसातल्या विहिरीचे भरायला सांगितले.

बायकोने विचारले, "शेजारी सांगून येऊ का?"

तो विचारात पडला. आयुष्यभर त्याने ऐकीव गोष्टींना कागदावर पाय ठेवू दिला नव्हता.

"नको," तो म्हणाला. "तोंडी गेली तर ती अफवा होईल. लोक हसतील आणि पाणी पितील. छापून आली की बातमी होते. उद्या तारे दिसले की छापतो. जत्रा रविवारी आहे."

त्या रात्री तो शांत झोपला. आपण योग्य तेच केले, असे त्याला वाटत होते.

शनिवारी दुपारी प्रार्थनाघरात सगळे उभे असताना त्याचा कारागीर उंबऱ्याशी आला. तो आत येईना.

"मालक, उद्या मी कामाला येत नाही," तो म्हणाला. "आमची पोर शेवंता गेली. पहाटे ओकाऱ्या लागल्या, आणि मघाशी गेली."

गृहस्थाने विचारले, "पाणी कुठलं प्यायली?"

"तळ्याचंच की, काल रात्री जेवताना. आम्हाला दुसरं कुठलं?"

प्रार्थनाघराच्या म्हाताऱ्या मुकादमाने प्रार्थना थांबवली. "तुझा चेहरा असा का झाला? तुला काही ठाऊक होतं?"

"होतं. काल दिवे लागताना कळलं. मी शब्बाथ संपायची वाट पाहत होतो."

"जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, हे आपल्यातलं पोरसुद्धा सांगेल," मुकादम म्हणाला. "तुला ते ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, आबा. पण मला माझा कागद खरा ठरायला हवा होता."

मुकादमाने अंगावरची प्रार्थनेची शाल काढून घडी केली. "चल. दांडा मी ओढतो."

त्या दुपारी छापखान्याचे दार उघडले. म्हातारी माणसे शब्बाथच्या शुभ्र कपड्यांत दांडा ओढत होती, आणि शाई त्यांच्या बाह्यांवर चढत होती.

कागद बाजारात पोहोचला, तेवढ्यात कारभाऱ्याची दवंडीही पोहोचली, "तळ्याचं पाणी अमृत आहे हो! खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होईल हो!" लोक घोटाळले. खरे कोणाचे धरावे?

एका मासळीवाल्या म्हातारीला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "हा कागद छापला कधी?"

"आत्ताच, आजी. शाई ओली आहे बघ."

"आज तर शनवार! राजाच्या पोरासाठी ज्यानं दार उघडलं नाही, त्यानं आज उघडलं?" असे म्हणून तिने डोक्यावरचा हंडा रस्त्यावर उपडा केला.

मग गल्लीगल्लीत हंडे उपडे झाले. जत्रा भरली नाही. साथ आली, पण काठावरूनच परतली.

लोक हार घेऊन आले. "तुमच्यामुळे शहर वाचलं!"

"शेवंता वाचली नाही," तो म्हणाला. त्याने हार घेतला नाही. पुढच्या शुक्रवारी कागदावर सर्वांत वर त्याने लिहिले, 'मला आदल्या संध्याकाळी कळले होते. मी घरातले पाणी ओतले आणि शेजाऱ्यांना सांगितले नाही.'

शेवंताच्या आईने तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि ती छापखान्यात आली. तो मान खाली घालून उभा राहिला.

"कागदानं माझी पोर परत येत नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा असं कुणी तुमच्या दारात काही सांगत आलं, तर शाई कालवायच्या आधी मला हाक मारा. मी गावभर ओरडत जाईन. मला लोक हसले तर हसू देत."

तेव्हापासून तो तसेच करू लागला.

तात्पर्य: जीव वाचवणारी गोष्ट कळली, तर ती कशी शोभून दिसेल याची वाट पाहू नये, आधी सांगावी.

आणि ती आई पहिल्यांदा ओरडत निघाली, तेव्हा कुठे गेली ठाऊक आहे? थेट त्या कारभाऱ्याच्या दारात. कडी वाजवून ती म्हणाली, "सरकार, आधी तुमच्या लेकरांना सावध करा, मग..."

अगंबाई, आत्याची हाक! आले, आत्या, आले!