टायरात अडकलेलं मिरचीचं देठ

"वर्षात दोनदा टायर? अरे, गाडी चालवतोस की खोबरं किसतोस?"

धामणगडच्या सरकारांचं राज्य जाऊन जमाना झाला होता, पण आवाज काही गेला नव्हता! समोर केराप्पा ड्रायव्हर मान खाली घालून उभा. बावीस वर्षांची चाकरी. सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण शेजारीच राणीसाहेब सुपारी कातरत बसल्या होत्या. तोंड उघडायची सोय नव्हती.

"उद्या दुपारपर्यंत नवे टायर हवेत! मागच्यापेक्षा निम्म्या किमतीत आणि दुप्पट टिकणारे! आणि गाडी कुठे जाते, कशी चालते, असल्या चौकशा कुणी करायच्या नाहीत. जमलं नाही, तर किल्ली इथं ठेव आणि घरी बस!"

आता आली का पंचाईत? टायरवाला आधी विचारतो काय, तर गाडी कुठे फिरवता आणि कशी हाकता. तेच विचारायचं नाही म्हणजे माप न घेता सदरा शिवायचा!

केराप्पाची लेक गिरजा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवायची. बापानं उतरलेल्या चेहऱ्यानं येऊन तिला सगळं सांगितलं. पण ती रडणाऱ्यातली नव्हे.

"अण्णा, आधी दोन घास खा. सरकारांना विचारायचं नाही ना? मग मी टायरलाच विचारते!"

जुने टायर गाडीखान्यामागे पडले होते. माळीबुवांनी त्यात कोरफड लावलेली. गिरजानं कोरफड बाजूला केली आणि पाना घेऊन एकेक खाच खरवडायला बसली.

टायर होते डोंगरी, मोठमोठ्या दातांचे, महागातले. पण लाल माती? चिमूटभरसुद्धा नाही! नुसतं डांबर. मध्येच एकेक जागा सपाट घासलेली, म्हणजे करकचून ब्रेक मारलेले. डावी कड दगडाला खरचटलेली. आणि एका खाचेत काय सापडावं? तळलेल्या मिरचीचं देठ!

गिरजा खुदकन हसली. देठासकट मिरचीची भजी गावात एकाच ठिकाणी मिळायची, मोटारस्टँडमागं गंगूमावशीकडे, दगडी कट्ट्याला लागून. डॉक्टरांनी सरकारांचं तळण बंद केलेलं, राणीसाहेबांचा पहारा कडक. गिरजाला सगळा उलगडा झाला. दुपारी राणीसाहेबांचा डोळा लागला, की सरकार केराप्पाला जेवायला पिटाळत आणि गाडी स्वतः बाहेर काढत. त्या जाग्या व्हायच्या आत परतायचं, म्हणून ही सगळी पळापळ!

दुसऱ्या दिवशी गिरजानं बापासोबत चार साधे टायर गडगडत आणून अंगणात उभे केले.

"हे? ही तर पोरांची खेळणी! माझी गाडी डोंगर तुडवते, डोंगर!" सरकार गरजले.

"डोंगरात लाल माती असते, सरकार. जुन्या टायरात ती औषधालाही नाही. डोंगरी टायर डांबरावर पळवले, की भराभर झिजतात. हे डांबरासाठीच केलेले आहेत. निम्म्या किमतीत आणलेत आणि टिकतातही जास्त!"

राणीसाहेबांचा अडकित्ता थांबला. "डोंगरात जात नाही? मग गाडी रोज जाते तरी कुठे?"

सरकारांना दरदरून घाम फुटला. गिरजानं फक्त त्यांनाच दिसेल अशी मूठ उघडली. तळहातावर देठ!

"अगं, सांग की!" राणीसाहेब म्हणाल्या.

"कशी सांगू? कुणी चौकशी करायची नाही, असा सरकारांचाच हुकूम आहे!"

"पसंत! टायर पसंत!" सरकार घाईघाईनं म्हणाले. मग खाली वाकून हळूच कुजबुजले, "पण दुप्पट कसे टिकतील गं? ब्रेक तर मारावेच लागतात."

"गाडी कशाला काढायची, सरकार? चार वाजता माझी सायकल मागच्या दाराशी येईल. पुडा गरम असेल. झिजला तर माझ्या सायकलचा टायर झिजेल!"

"तो पुडा माझ्या हातात द्यायचा हो!" मागून राणीसाहेब कडाडल्या. "यांना आठवड्यातून एकच भजं, बाकीची माझी. वर्षभर सदऱ्याला तळणाचा वास येतोय, मला काय नाक नाही?"

सरकारांनी कपाळाला हात लावला. मग असे खदाखदा हसले, की डोळ्यांतून पाणी आलं! हसता हसताच त्यांनी आपल्याजवळची गाडीची किल्लीही केराप्पाच्या हातात ठेवली आणि वाड्याच्या झाडून सगळ्या गाड्यांचं काम गिरजाच्या दुकानाला देऊन टाकलं.

"आणि हिला एक नवी सायकल द्या," सरकार डोळे पुसत म्हणाले. "चांगली पळणारी. भजी गार व्हायला नकोत!"