पाणी जोखणारे भानू मास्तर

खाडीवर पूल नव्हता, आणि कधी होईल असं कुणाच्या मनातही येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची.

नांदखार गाव खाडीच्या अलीकडे. बाजार, दवाखाना आणि मसणवट पलीकडे. मधे सोमा तांडेलाची होडी. होडीच्या अंगावर बाहेरून एक तांबडी रेघ होती, सोमाच्या आजोबांनी ओढलेली. माणसं चढायची, होडी खाली जायची आणि पाणी रेघेला लागलं की सोमा म्हणायचा, "बस. आता एकानं उतरा."

रोज तिथंच भांडण व्हायचं.

"मी आधी चढले."

"रेघ अजून कोरडी आहे, सोमा, नीट बघ."

"तूच उतर की मेल्या, पोट बघ तुझं."

मग गावाच्या शाळेत भानू मास्तर आले. ते घाटावरचे. खाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती इथं आल्यावर, आणि पोहता तर त्यांना कधीच आलं नाही. पण मुलांना शिकवावं ते त्यांनीच, असं म्हणतात. पुस्तकातली घनता त्यांनी तांब्यात आणि तराजूत आणली. काठोकाठ भरलेल्या तांब्यात दगड सोडायचा. सांडलेलं पाणी खालच्या ताटलीत धरायचं. दगड जोखायचा, मग ते पाणी जोखायचं. दगड पंधरा तोळे भरला आणि पाणी पाच तोळे, तर दगड पाण्याच्या तिप्पट घन. पाणी एक धरायचं, म्हणून दगड तीन.

मुलांना वेडच लागलं. कुणी जाळ्याचं शिसं आणलं, कुणी सुपारी, कुणी आईच्या पायातलं जोडवं. सोमाची मुलगी येसू सगळ्यांत हुशार. ती एकदा म्हणाली, "मास्तर, आमच्या धोंडूचं डोकं बुडवून बघू का? दगडापेक्षा जास्त भरेल." मास्तरसुद्धा हसले.

लाकूड तरंगतं, म्हणून त्याचा तुकडा सुईनं दाबून बुडवला. त्यावरून आणि फळ्यांची लांबी, रुंदी, जाडी मोजून मुलांनी सोमाच्या अख्ख्या होडीचं वजन काढलं. अठरा माणसांइतकं निघालं. मास्तरांना फार आनंद झाला. त्यांनी वैशाखातल्या एका सकाळी गावातली माणसं होडीत बसवली. पाणी रेघेला टेकलं तेव्हा सोमाला धरून माणसं बावीस होती.

"झालं," मास्तर म्हणाले. "आता रेघेकडे बघत भांडू नका. माणसं मोजा. बावीस झाली की होडी सोडा."

भांडणं खरोखरच थांबली. गावानं मास्तरांना डोक्यावर घेतलं.

येसू मात्र वर्गात उभी राहिली. "मास्तर, वैशाखात खाडीत उताणं पडलं की अंग वर राहतं. श्रावणात तसंच पडलं तर कान बुडतात. मग पाणी नेहमी एकच कसं?"

"पुस्तकात पाण्याची घनता एक आहे," मास्तर म्हणाले. "पाणी म्हणजे पाणी, येसू."

मुलं हसली. येसू खाली बसली.

श्रावणात पलीकडच्या शाळेत तपासणीसाठी साहेब आले. मास्तरांनी आपली अकरा मुलं तिकडे न्यायची ठरवली. साहेबांसमोर येसू दगडाची घनता काढून दाखवणार होती. आईनं तिला धुतलेलं परकर-पोलकं घातलं होतं. वरच्या अंगाला आठ दिवस पाऊस लागून नदी भरून आली होती आणि खाडीचं पाणी गढूळ, गोडं झालं होतं. मुलं चढली, बाजाराला जाणाऱ्या बाया चढल्या, सोमा वल्ह्यावर बसला. शेवटी मास्तर चढले. बावीस झाली.

सोमानं वाकून पाहिलं. "मास्तर, रेघ बुडाली. बोटभर बुडाली. एकानं उतरायला हवं."

"मोज की. बावीसच आहेत."

"बावीस आहेत. पण रेघ बुडाली."

"हिशेब चुकत नसतो, सोमा. साहेब खोळंबलेत."

सोमानं एकदा येसूकडे पाहिलं. मास्तरांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं होडी सोडली.

नदी आणि भरती जिथं भेटतात तिथं पाणी उसळतं. एरवी तिथली लाट होडीच्या काठाला थापटून परत जाते. त्या दिवशी ती काठावरून आत आली. दुसरीही आत आली. तिसरीनं होडी उलटली.

खाडीकाठची माणसं, सगळ्यांना पोहता येत होतं. बायांनी मुलांना धरलं, सोमानं दोघांना ओढून काढलं. पोहता येत नव्हतं ते एकट्या मास्तरांना. ते दोनदा खाली गेले. तेव्हा कुणीतरी त्यांचा हात धरून उपड्या होडीच्या कडेला लावला. ती येसू होती, असं म्हणतात. त्यांचा हात तिथं घट्ट बसला आणि तिचा सुटला. एकवीस माणसं काठाला लागली.

येसू तीन दिवसांनी सापडली.

मास्तर महिनाभर शाळेत गेले नाहीत. मग एक दिवस त्यांनी घरातली एक बाटली घेतली, विहिरीच्या पाण्यानं भरली आणि जोखली. निव्वळ पाणी चाळीस तोळे भरलं. त्याच बाटलीत खाडीचं पाणी भरलं. तेही जेमतेम तेवढंच. त्यानंतर रोज पहाटे ते धक्क्यावर जाऊन खाडीचं पाणी जोखू लागले. दिवाळीत काटा थोडा हलला, शिमग्याला आणखी. वैशाखात तीच बाटली एक्केचाळीस तोळे भरली.

ते तसेच सोमाच्या अंगणात गेले. सोमा जाळं विणत होता.

"सोमा, होडी अठरा माणसांची. वर आपण बावीस. सगळी मिळून चाळीस. वैशाखाचं पाणी जड असतं, ते चाळीस माणसं पेलतं. श्रावणाचं पाणी हलकं असतं. चाळिसात एक तोळा हलकं. चाळिसात एक माणूस जास्त झाला होता."

सोमानं जाळं खाली ठेवलं.

"शेवटी मी चढलो होतो. मी उतरायला हवं होतं."

"मास्तर," सोमा म्हणाला, "हिशेब तुमचा होता. होडी माझी होती." आणि तो पुन्हा विणायला लागला.

त्यानंतर मास्तर तीस वर्षं नांदखारला राहिले. घाटावर परत गेले नाहीत, लग्न केलं नाही. रोज पहाटे पाणी जोखायचे आणि आज किती माणसं बसतील ते सोमाला सांगायचे. सोमा ते ऐकून घ्यायचा, आणि तरीही वाकून रेघ बघायचा. मास्तर तो बघेपर्यंत थांबायचे. ते बाटली बुडवायचे तेव्हा खाडीवर लाट उठत नसे, असं म्हणतात. पुढं पुढं त्यांना तराजूही लागेना. पाण्यात बोट घालून ते तोळ्याचा अंश सांगत.

मास्तर गेले तेही श्रावणात, भर पुरात. त्यांना पलीकडे न्यायचं होतं. सोबतीला एकवीसजण चढले, आणि मास्तरांना धरून बावीस झाले. सगळ्यांनी वाकून पाहिलं, तर रेघ पाण्याच्या वर, कोरडी. शाळेतल्या मुलींनी बाटली भरून जोखली. एक्केचाळीस तोळे. पुराच्या लाल पाण्यात वैशाखाचं वजन कुठून आलं, ते कुणाला कळलं नाही. म्हाताऱ्या सोमानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "खारं आहे," तो म्हणाला. "चला."

आता पूल झाला आहे. तरी बाजाराच्या दिवशी होडी चालते. पावसाळ्यात शाळेतली मुलं सकाळी धक्क्यावर पाणी जोखतात आणि त्याची घनता काढून फळ्यावर लिहितात. नांदखारच्या मुलाला पाण्याची घनता विचारली तर ते आधी विचारतं, कुठलं पाणी, कोणत्या महिन्याचं.

आणि रेघ पाण्याला टेकली की आता भांडण होत नाही. होडीत जो सगळ्यांत जास्त शिकलेला असेल, तो उतरतो. तांडेल फक्त म्हणतो, "मास्तर, उतरा." डॉक्टर उतरले आहेत, वकील उतरले आहेत. एका मोठ्या साहेबांना राग आला होता. बायांनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा तेही बूट हातात घेऊन उतरले.

कधी होडीत सगळ्या म्हाताऱ्या असतात, अंगठा उठवणाऱ्या, आणि त्यांच्यात नातीसारखी एखादी दुसरी-तिसरीतली मुलगी. रेघ टेकते. तांडेल तिच्याकडे वळून, अगदी मानानं म्हणतो, "मास्तर, उतरा." मुलगी उतरते. म्हाताऱ्या तिला हात देतात, परकर ओला होऊ नये म्हणून वर धरतात. होडी सुटते. पुढच्या खेपेपर्यंत ती काठावर उभी राहते, कोरडी. आणि होडीतल्या सगळ्याजणी पलीकडे पोचेपर्यंत तिच्याकडेच बघत असतात.