पाठीवरची घडी

विमानं नवी होती तेव्हाची गोष्ट. फ्लाइंग क्लबचे कॅप्टन सरंजामे वैमानिकाच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला पास झाले होते. क्लबात पॅराशूटच्या घड्या घालणारी मालिनी टिपणीस मात्र पहिल्याच खेपेला पास झाली आणि साहेबांच्या पोटात दुखू लागलं. तिचा परवाना त्यांच्या सहीवाचून अडला.

“बाई, आकाशात बायकांच्या हातावर भरवसा ठेवता येत नाही,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. ते स्वतः उड्डाणालाच निघाले होते.

“बरं, साहेब,” मालिनी म्हणाली. “मग ते पाठीवरचं पॅराशूट इथेच ठेवून जा. दोन वर्षं त्याची घडी याच हातांनी घातली आहे.”

कॅप्टननी खांद्यावरचे पट्टे चाचपले. मग तिचा परवाना आणि टेबलावरची दौत पुढे ओढली.