आधी काय काढू?

“आणि ती परत मिळेल का, माताजी?”

भूपाल चौगुलेनं विचारलं.

दुपार टळत होती. वारणाकाठच्या त्या लहानशा गावातल्या बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, साध्वींना आहार देऊन बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. खांबाला टेकून त्यांच्यातल्या एक वृद्ध आर्यिका डोळे मिटून बसल्या होत्या. पलीकडे लाकडी पाटावर उपशांतमती माताजी होत्या. पांढरं सुती वस्त्र, शेजारी कमंडलू, हाताशी मोरपिसांची पिंछी. मर्यादेचं अंतर राखून भूपाल खाली फरशीवर बसला होता.

“काय परत मिळेल?”

“त्रिशला.”

त्रिशला हे माताजींचंच जुनं नाव. भूपाल त्यांचा बाप.

दीक्षा झाली त्या दिवशी नाव गेलं, नातं गेलं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं, तिच्यापुढं भूपाल गुडघे टेकून ‘वंदामि’ म्हणू लागला. लोक म्हणायचे, पोरीनं कुळाचं सोनं केलं. तोही म्हणायचा, खरं आहे. तोंडानं म्हणायचा आणि आतून रिकामा व्हायचा.

जयसिंगपुरात भूपालचा फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, पंचकल्याणक पूजा, सगळं त्याच्याकडं. हातात कला होती आणि कलेचा ताठाही होता. क्षण सुटला तर तो लोकांच्या डोळ्यांतून सुटेल, आपल्या कॅमेऱ्यातून नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

त्रिशला जन्मली तेव्हापासून तिचं सगळं त्यानं टिपलं होतं. दीक्षेचा सोहळासुद्धा. केशलोच सुरू झाला, हातानं एकेक बट उपटली जाऊ लागली, तेव्हा तिची आई मांडवातच कोसळली. भूपालचा डोळा मात्र कॅमेऱ्याला लागलेला होता. बाप खंबीर आहे, असं लोक म्हणाले.

ते सगळं स्टुडिओतल्या संगणकात होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो दार ओढून घ्यायचा आणि तिच्या नावाचं फोल्डर उघडून बसायचा.

मग एका सकाळी संगणक सुरूच झाला नाही. पडदा काळा, त्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ, आणि डब्याच्या आतून पाल चुकचुकावी तसा आवाज.

गावातल्या कारागिरानं वायरी बदलल्या, आणखी काय काय बदललं. पडदा काळाच. कोल्हापूरच्या माणसानं कान लावून ऐकलं आणि सांगितलं, आतली हार्ड डिस्कच आजारी आहे, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका, दर खेपेला ती आणखी खरवडली जाईल. दुसरी प्रत कुठं आहे, असंही त्यानं विचारलं. गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या प्रती भूपाल न चुकता काढून द्यायचा. स्वतःच्या काढायच्या राहिल्या होत्या. दिव्याखाली अंधार.

शेवटी डिस्क बायकोच्या जुन्या शालीत गुंडाळून, मांडीवर धरून, तो एसटीनं पुण्याला गेला. तिथला जाणकार तरुण होता, पण बोलायला सरळ. त्यानं तपासून सांगितलं, वाचेल, पण बहुतेक एकदाच. वाचता वाचता मध्येच बंद पडली तर पुन्हा कोणालाच काही करता येणार नाही. तेव्हा डिस्क इथं ठेवून जा आणि आधी काय काढू, ते घरी विचार करून कळवा.

हे सगळं भूपालनं आता माताजींना सांगितलं.

“मग ठरवलंत?”

“त्यात ठरवायचं काय? तुमचं... तिचं फोल्डर. तेवढं पुरतं निघावं म्हणून आशीर्वाद मागायला आलो.”

माताजींनी लगेच आशीर्वाद दिला नाही. त्यात काय काय आहे, असं विचारलं.

आणि भूपालला जणू कोणी बांध फोडून दिला. तो सांगत सुटला. शाळेच्या गॅदरिंगला ती फुलपाखरू झाली होती, एक पंख दुमडलेला. पहिली सायकल, पाय पोचत नव्हते तरी उतरायला तयार नव्हती. गच्चीवर सांडगे राखायला बसवली तर कावळ्यांनाच एकेक सांडगा टाकत होती. दहावीच्या निकालाला तोंडात अख्खा पेढा. दीक्षेच्या आदल्या दिवशी मिरवणुकीत, रथात, मामेबहिणीच्या कानाशी लागून हसलेली... त्या हसण्याला मागून उन्हाची कड होती. तसा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो.

माताजी ऐकत होत्या. शेजारच्या मुलीचं कौतुक ऐकावं तशा, मन लावून.

भूपाल थांबला. बाहेर चिंचेवर पोपटांचा कलकलाट चालला होता...

“त्या डिस्कमध्ये आणखी कोण आहे?” माताजींनी विचारलं.

आहेत गिऱ्हाइकांची लग्नकार्यं, भूपाल म्हणाला. बहुतेकांना अल्बम पोचलेत. त्यांचं काही अडत नाही.

“बहुतेकांना...”



हे त्याला टाळायचं होतं. दानोळीच्या शांताक्काचा मुलगा, सुकुमार. त्याच्या लग्नाचे फोटो भूपालनंच काढले होते. अल्बममध्ये कुठले घालायचे ते निवडायला येतो, असं सुकुमार म्हणाला होता. आज येतो, उद्या येतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उसाच्या ट्रॉलीनं त्याला धडक दिली आणि तो आलाच नाही. म्हातारीकडं शाळेच्या ओळखपत्रावरचा एक फोटो सोडला तर पोराचं काही नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती पिशवी घेऊन स्टुडिओत यायची, स्टुलावर टेकायची आणि विचारायची, “उठलं काय रे भूपाल, तुझं मशीन?”

बघू आक्का, तो म्हणायचा. सुकुमारचे आणि त्रिशलाचे फोटो एकाच डिस्कमध्ये आहेत, हे तिला ठाऊक होतं. त्यातलं एकच आधी निघेल, हे मात्र त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

भूपालनं हे माताजींना अडखळत सांगितलं. मान खाली घालून.

खांबाजवळच्या वृद्ध आर्यिकांचे डोळे मिटलेलेच होते.

“सुकुमार आता कुठं आहे?” माताजींनी विचारलं.

“नाही तो, माताजी. गेला.”

“आणि त्रिशला?”



त्याच्या समोर फरशी होती. फरशीवर पांढऱ्या वस्त्राची कड होती. चालून चालून भेगाळलेली दोन पावलं होती...

सामायिकाची, ध्यानाला बसायची वेळ झाली. माताजींनी पिंछी उचलली. असं करा, तसं करा, काही म्हणाल्या नाहीत. भूपालनं वंदन केलं आणि उठला.

परतीच्या गाडीत त्याची बायको कुसुम शेजारी बसली होती. सकाळी आहाराच्या स्वयंपाकात ती होती. जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, मग म्हणाली, “हनुवटीखाली केवढं खरचटलंय. पायी विहारात रस्त्यावर पडल्या म्हणं. बघितलंत न्हवं?”

“हं,” भूपाल म्हणाला.

त्यानं बघितलं नव्हतं.

दीक्षेनंतर तो कितीदा तरी दर्शनाला गेला होता. चातुर्मासात गेला, विहाराच्या वाटेवर गेला, भर उन्हात त्यांच्या मागून चाललाही. पण त्याची नजर पावलांच्या वर कधी चढली नाही. लोकांना तो विनय वाटायचा. त्यालाही तसंच वाटायचं. आता गाडीत बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं की तो विनय नव्हता, भीती होती. लोच केलेलं ते डोकं आणि त्याखालचा तो चेहरा एकदा डोळ्यांत भरला, तर संगणकातली हसरी पोर पुसून जाईल, अशी भीती.

जयसिंगपूरला गाडी थांबली. कुसुमला त्यानं रिक्षात बसवून दिलं आणि तो स्टँडबाहेरच्या रसवंतीच्या कडेला उभा राहिला. चरकाचे घुंगरू वाजत होते. त्यानं पुण्याला फोन लावला.

“बोला काका. आधी काय काढू?”

त्रिशलाचं नाव ओठांपर्यंत आलं. सांगून टाकावं. म्हातारीला काय कळणार आहे? नाही निघालं आक्का, असं म्हटलं तर ती मान हलवेल, पिशवी उचलेल आणि जाईल. दोष देणार नाही, रडणारही नाही. पुढच्या बाजाराला मात्र यायची नाही. त्याला ते रिकामं स्टूल दिसलं.

“काका?”

“सुकुमार आणि लग्न, अशा नावाचं फोल्डर आहे,” भूपाल म्हणाला. “ते काढा आधी.”

“आणि त्रिशला नावाचं?”

“त्याच्यानंतर.”

फोन खिशात ठेवला तरी तो तिथंच उभा राहिला. रसवाल्यानं न विचारता ग्लास पुढं केला. भूपालनं तो हातात धरला, तोंडाला लावला नाही.

पुण्याहून निरोप आला. सुकुमारचं लग्न जवळजवळ सगळं निघालं होतं. त्यानंतर त्रिशलाचं फोल्डर लागलं. आतल्या फायलींची नावं आली. गॅदरिंग, सायकल, गच्ची, दहावी, मिरवणूक... नावं तेवढी आली. उघडायला गेलं तर आत काही नव्हतं. पहिली फाइल वाचता वाचताच डिस्कचं चुकचुकणं थांबलं, ते कायमचं. त्या तरुणानं दोनदा माफी मागितली. भूपाल म्हणाला, तुमचा काय दोष?

फोन ठेवल्यावर तो स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत गेला. पूर्वी तिथं रोल धुतले जायचे, आता अडगळ होती. त्या अडगळीत तो पोटभर रडला. मांडवात रडायचं राहिलं होतं, तेही त्यातच.

बाजाराच्या दिवशी शांताक्का आली. मशीन उठलं काय, असं विचारायच्या आतच भूपालनं तिला नव्या संगणकासमोर बसवलं आणि एकेक फोटो दाखवू लागला. अक्षता, हार, सप्तपदी, व्याह्यांच्या भेटी. म्हातारी पापणीही हलवेना. नवरदेवाचा ऐटीतला फोटो आला, तिनं हातानंच पुढं म्हणून खुणावलं.

मग पंगतीतला एक आला. फेटा काढून मांडीवर ठेवलेला, कपाळावर फेट्याचा वळ, आणि वाढणारा जिलबीचा आग्रह करतोय तर सुकुमार दोन्ही हात पानावर आडवे धरून हसतोय.

“थांब,” शांताक्का म्हणाली.

तिनं पडद्याला बोट लावलं. गालावरून फिरवलं. किती तरी वेळ.

“असाच हसायचा बघ,” ती म्हणाली. “असाच.”

भूपालनं तो फोटो मोठा करून चौकटीत बसवला. तिनं तो पदरात गुंडाळला आणि उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“तुझ्या लेकीचं रे? मिळालं काय तुला?”

म्हातारीच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी जरा ऊन पडलं होतं. त्यावर सावली पाडायचं भूपालच्या जिवावर आलं.

“मिळालं, आक्का,” तो म्हणाला. “सगळं मिळालं.”

“बरं झालं बाबा,” म्हणून ती गेली.

माताजींचा संघ तोवर पुढच्या गावी गेला होता. भूपाल तिथं गेला तेव्हा सकाळची कोवळी उन्हं बस्तीच्या ओवरीत आली होती आणि माताजी तिथंच शास्त्र वाचत बसल्या होत्या. तो वंदामि म्हणून अंतरावर बसला. माताजींनी वाचन थांबवलं.

त्यानं सगळं सांगितलं. पुण्याला काय कळवलं ते, काय निघालं आणि काय निघालं नाही ते. तक्रारीचा सूर नव्हता. दूरच्या कोणाचं सांगावं तसं फरशीकडं बघत तो सांगत होता. बायकोची शाल परत आली, एवढंच काय ते हाती राहिलं, असंही म्हणाला आणि त्यालाच कसनुसं हसू आलं.



“आणखी एक आहे,” भूपाल म्हणाला. “माझ्याकडून पाप झालं.”

“काय?”

“शांताक्काला मी खोटं सांगितलं. त्रिशला मला मिळाली, असं म्हणालो...”

कुठंतरी विहिरीवर पोहऱ्याचा आवाज झाला.

“प्रायश्चित्त द्या, माताजी.”

माताजींनी शास्त्र मिटलं. पिंछी बाजूला ठेवली. फरशीवरची ती दोन पावलं जराही हलली नाहीत.

“मान वर करा,” माताजी म्हणाल्या.